रॉबर्ट मेटकाफ : ईथरनेटचे जनक आणि व्यापारी

आपल्या सभासदांपैकी बहुतेकांच्या पेढीवर आज संगणक आहे. बिले तो करतो, जमाखर्च तो ठेवतो आणि गोदामात माल किती शिल्लक राहिला हेही तोच सांगतो. परंतु गादीजवळचा संगणक आणि गोदामातला संगणक ह्यांची गाठ ज्या तारेने पडते, तिच्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. त्या तारेवरून व्यवहार कसा चालावा ह्याची जी रीत ठरलेली आहे, तिला ईथरनेट असे म्हणतात. आणि ती रीत ज्यांनी प्रथम आखली ते रॉबर्ट मेटकाफ हे अमेरिकन अभियंते होत. केवळ अभियंते म्हणून त्यांचा परिचय येथे करून देण्याचे कारण नव्हते. ज्या शोधाने त्यांचे नाव झाले तो सर्व कारखानदारांस खुला व्हावा म्हणून ते स्वतः झटले, आणि तो खुला झाल्यावर त्याच शोधाच्या आधारावर पेढी काढून त्यांनी ती भरभराटीस आणली. हक्क सोडावयाचा आणि तरीही नफा मिळवावयाचा, हे दोन्ही एकाच माणसास कसे साधले आणि त्याची किंमत काय द्यावी लागली, हा प्रश्न व्यापाऱ्याने विचारात घ्यावा अशा योग्यतेचा आहे असे आम्हांस वाटते.

मेटकाफ ह्यांचा जन्म ७ एप्रिल १९४६ रोजी न्यू यॉर्क शहराच्या ब्रुकलिन भागात झाला. वडील यंत्रांची चाचणी घेणारे तंत्रज्ञ होते. मुलगा एमआयटी ह्या विख्यात संस्थेत शिकला आणि १९६९ साली तेथून दोन पदव्या घेऊन बाहेर पडला. एक विद्युत् अभियांत्रिकीची आणि दुसरी औद्योगिक व्यवस्थापनाची. हा तपशील वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण पुढे त्यांच्या हातून जे घडले त्याची दोन्ही बीजे येथेच आहेत. नंतर ते हार्वर्ड विद्यापीठात गेले. त्याच सुमारास अमेरिकन सरकारच्या पैशाने आर्पानेट नावाचे जाळे उभे राहत होते व दूरदूरच्या विद्यापीठांतील संगणक त्यात जोडले जात होते. हार्वर्डचा संगणक ह्या जाळ्यास जोडण्याचे काम आपणांस द्यावे असे मेटकाफ ह्यांनी सुचविले. विद्यापीठाने नकार दिला. तेव्हा ते शेजारच्या एमआयटीत गेले व तेथील संगणकासाठी तेच काम त्यांनी करून दाखविले.

१९७२ हे साल त्यांना मोठे कठीण गेले. कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे झेरॉक्स कंपनीचे पार्क नावाचे संशोधन केंद्र होते; तेथे त्यांची नेमणूक झालेली होती. आता फक्त डॉक्टरेटचा प्रबंध संमत व्हावयाचा होता. परीक्षकांनी तो नापसंत केला. त्यात सिद्धांताचा भाग पुरेसा नाही असा आक्षेप होता. आईवडिलांना पदवीदानाची वार्ता आधीच गेलेली होती, हे लक्षात घेतले म्हणजे त्या तरुणाची मनःस्थिती काय झाली असेल ते सांगावयास नको. सुदैवाने पार्कमधील त्यांचे वरिष्ठ बॉब टेलर ह्यांनी, पदवीची वाट न पाहता आधी कामावर या, प्रबंध येथे पुरा करा, असा निरोप दिला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात वॉशिंग्टन येथे आर्पानेटचे जाहीर प्रदर्शन भरले. अमेरिकेतील टेलिफोनची जवळजवळ सगळी मक्तेदारी ज्या एटी अँड टी कंपनीकडे होती, तिचे काही बडे अधिकारी ते पाहावयास आले. आणि मेटकाफ त्यांना समजावून सांगत असतानाच यंत्रणा बंद पडली. पाहुण्यांच्या चेहऱ्यावर हसू उमटले, असे मेटकाफ ह्यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे. मक्तेदाराचे ते हसू त्यांच्या मनात रुतून बसले असावे. कारण पुढील सारे आयुष्य ते मक्तेदारीच्या विरुद्ध बाजूस उभे राहिलेले दिसतात.

त्याच काळात एका मित्राच्या घरी मुक्काम असताना रात्री चाळता चाळता एक निबंध त्यांच्या वाचनात आला. हवाई विद्यापीठातील नॉर्मन अब्रॅमसन ह्यांनी तेथील बेटे रेडिओने जोडण्याची एक योजना केली होती व तिला अलोहा असे नाव दिले होते. तीत प्रत्येक ठाणे मनास येईल तेव्हा संदेश सोडी. दोन संदेश एकाच क्षणी निघाले तर दोन्ही बिघडत. पोच आली नाही म्हणजे पाठविणारा थोडे थांबून तोच संदेश पुन्हा पाठवी. योजना साधी व स्वस्त होती, परंतु हिशेब करता वाहिनीची जास्तीत जास्त १८ टक्के शक्तीच कामी येत असे. मेटकाफ ह्यांना त्या हिशेबात एक खोट दिसली. उत्तर येवो अथवा न येवो, माणसे सारखी नवनवे संदेश पाठवीतच राहतील असे त्यात गृहीत धरले होते. प्रत्यक्षात माणूस तसा वागत नाही. जबाब येईपर्यंत तो थांबतो. ह्या सुधारणेचे गणित मांडून त्यांनी प्रबंधात जी उणीव होती ती भरून काढली, आणि १९७३ साली हार्वर्डने तो संमत केला.

पार्कमध्ये त्या वेळी एक नवलाची गोष्ट घडत होती. प्रत्येक संशोधकाच्या मेजावर स्वतंत्र संगणक असावा अशी तेथील कल्पना होती व त्यासाठी आल्टो नावाचा संगणक तयार झाला होता. शिवाय सेकंदाला सुमारे एक पान छापणारे लेझर छपाईयंत्रही तेथेच सिद्ध झाले. आता हे सारे संगणक एका छपाईयंत्रास व एकमेकांस जोडावयाचे कसे? २२ मे १९७३ रोजी मेटकाफ ह्यांनी एक टिपण लिहिले व त्यात आपल्या योजनेला ईथरनेट हे नाव दिले. प्रकाशाच्या लहरी वाहून नेणारे ईथर नावाचे द्रव्य सर्वत्र भरून राहिले आहे असे जुने पदार्थवैज्ञानिक मानीत असत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती समजूत टिकेनाशी झाली. ते टाकून दिलेले नाव त्यांनी एका साध्या तारेला दिले. तिच्यात स्वतःची बुद्धी काहीच नाही, ती केवळ वाहून नेते, हा त्यातील मथितार्थ.

ही रीत कशी चालते हे एका उदाहरणाने सांगतो. एखाद्या सभेत अध्यक्ष नाही असे समजा. तरीही सभा सुरळीत चालावयाची असेल तर सभासदांनी तीन नियम पाळावे लागतील. बोलण्यापूर्वी दुसरा कोणी बोलत नाही ना, हे ऐकावे. बोलू लागल्यावर दुसऱ्याचाही आवाज कानी पडला तर दोघांनीही तत्काळ थांबावे. मग प्रत्येकाने आपापल्या मनाने, निरनिराळा वेळ थांबून पुन्हा आरंभ करावा. आणि पुन्हा गाठ पडलीच तर थांबण्याची मर्यादा दुप्पट करावी. जितकी गर्दी अधिक तितका धीर अधिक, असे हे तत्त्व आहे. पुढे आयबीएम कंपनीने जी प्रतिस्पर्धी रीत पुरस्कारिली, तीत संगणकांचे कडे करून एक विडा हातोहात फिरविला जाई व ज्याच्या हाती विडा असेल त्यानेच बोलावे असा दंडक होता. कागदावर ती अधिक शिस्तीची दिसे, आणि कित्येक जाणकारांना तीच श्रेष्ठ वाटत असे.

योजना आखणे निराळे आणि ती तारेत उतरविणे निराळे. येथे डेव्हिड बॉग्ज ह्यांचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाणे योग्य होणार नाही. पार्कच्या तळघरात तारेची परीक्षा करीत असताना मेटकाफ ह्यांची धडपड ह्या तरुणाने पाहिली. तो हौशी रेडिओवाला असल्याने डाग देण्यात त्याचा हात बसलेला होता. त्याने मदतीचा हात पुढे केला आणि दोघांची जोडी जमली. नोव्हेंबर १९७३ पर्यंत तारेतून संदेश जाऊ येऊ लागले. वेग सेकंदाला २९ लक्ष ४० हजार बिटांचा, आणि तारेची लांबी सुमारे एक किलोमीटरपर्यंत. १९७६ च्या जुलैत दोघांच्या नावाने निबंध प्रसिद्ध झाला, आणि डिसेंबर १९७७ मध्ये पेटंट मिळाले. त्यावर मेटकाफ, बॉग्ज, चार्ल्स थॅकर आणि बटलर लॅम्पसन अशी चार नावे आहेत. मालकी मात्र झेरॉक्सची.

येथून व्यापाराची कथा सुरू होते. झेरॉक्सजवळ संगणक होता, छपाईयंत्र होते, तार होती. बाजारात आणण्याची घाई मात्र नव्हती. घरात रत्ने असून दुकानात मांडावयाचे सुचू नये, असा तो प्रकार होता. मेटकाफ मध्यंतरी एका मोठ्या बँकेच्या संगणक विभागात जाऊन आले, पुन्हा झेरॉक्समध्ये रुजू झाले, आणि अखेर १९७९ च्या आरंभी नोकरी सोडून सल्लागार बनले. ४ जून १९७९ रोजी त्यांनी काही साथीदारांसह थ्रीकॉम ही कंपनी स्थापन केली. नावातील तीन शब्द म्हणजे संगणक, संपर्क आणि सुसंगती. इंग्रजीत तिन्ही शब्दांचा आरंभ सारखा होतो, आणि योगायोग असा की मराठीतही तो सारखाच होतो. ह्यांतील तिसरा शब्द सर्वांत महत्त्वाचा.

त्याच वर्षी डिजिटल इक्विपमेंट ह्या मोठ्या संगणक कंपनीने मेटकाफ ह्यांना विचारले की झेरॉक्सच्या पेटंटात न सापडेल असे एखादे नवे जाळे आमच्यासाठी आखून द्याल काय? मोबदला चांगला मिळाला असता. परंतु ज्या गोष्टीचा शोध आपण एकदा लावला तिला वळसा घालून दुसरी खोटीच कशाला उभारावी, असा विचार करून त्यांनी उलट सल्ला दिला की, तुम्ही सरळ झेरॉक्सलाच विचारा. इंटेल ही चिपा बनविणारी कंपनी नव्या मालाला गिऱ्हाईक शोधीत होती. तिलाही त्यांनी ह्यात ओढले. तिन्ही कंपन्यांनी मिळून ३० सप्टेंबर १९८० रोजी ईथरनेटचे प्रमाण छापून प्रसिद्ध केले. वेग आता सेकंदाला एक कोटी बिट झाला होता. झेरॉक्सने आपली पेटंटे वापरण्याचा परवाना कोणासही एकदाच १,००० डॉलर घेऊन देऊ केला. अमेरिकेतील अभियंत्यांच्या संस्थेने, म्हणजे आयट्रिपलई ह्या संस्थेने, १९८३ साली त्यावर आपली मोहर उठविली. तेव्हापासून ही रीत कोणा एका पेढीची राहिली नाही.

ह्याचे मर्म आपल्या व्यापाऱ्यांस समजावयास वेळ लागू नये. आपल्या वाडवडिलांच्या काळी कच्चा शेर आणि पक्का शेर असत, एका बाजारचा मण दुसऱ्या बाजारच्या मणाशी जुळत नसे, आणि प्रत्येक सौद्यात आधी मापाचा वाद मिटवावा लागे. १९५६ साली प्रमाणित वजनमापांचा कायदा झाला व १ ऑक्टोबर १९५८ पासून दशमान वजने टप्प्याटप्प्याने अंमलात आली. त्या वेळी कुरकूर झाली. मापाच्या फरकावर ज्यांची कमाई होती त्यांना ती खटकलीच असणार. परंतु माप एक झाल्यावर परमुलखाशी व्यापार किती सोपा झाला, हे निराळे सांगावयास नको. मेटकाफ ह्यांनी संगणकाच्या तारेसाठी नेमके हेच घडवून आणले. ह्याला आम्ही परोपकार म्हणणार नाही. थ्रीकॉमजवळ त्या वेळी ना कारखाना होता ना भांडवल. प्रत्येक बड्या कारखानदाराची तार वेगळी राहिली असती, तर त्या बंदिस्त वाड्यांत ह्या नव्या दुकानास शिरकावच मिळाला नसता. बाजार उघडा असेल तरच लहान व्यापारी जगतो, हे त्यांनी ओळखले होते.

तथापि प्रमाण छापून झाल्याने गल्ल्यात पैसा येत नाही. पहिली दोन वर्षे कंपनी सल्लामसलतीवर व किरकोळ मालावर जगली. १९८१ साली साहस-भांडवल पुरविणाऱ्यांकडून सुमारे ११ लक्ष डॉलर मिळाले, आणि त्याबरोबर अनुभवी व्यवस्थापक नेमण्याचा प्रश्नही आला. ह्यूलेट-पॅकार्डमधून बिल क्राउझ ह्यांना आणून अध्यक्षपद देण्यात आले. त्याच वर्षी ऑगस्टात आयबीएमचा वैयक्तिक संगणक बाजारात आला. हा लहान संगणक घरोघर व कचेरी कचेरीत जाईल असे हेरून थ्रीकॉमने १९८२ साली त्यात बसणारे ईथरलिंक नावाचे कार्ड काढले. किंमत सुमारे ९५० डॉलर, आणि मोठ्या संगणकांच्या तशाच जोडणीच्या मानाने ती पुष्कळच कमी होती.

आता विक्रीची जबाबदारी कोणाकडे द्यावयाची? ती मेटकाफ ह्यांच्याकडे आली. हार्वर्डचा डॉक्टर, ईथरनेटचा जनक, आणि काम काय तर गिऱ्हाइकांचे उंबरठे झिजविणे! कित्येकांस ह्यात कमीपणा वाटला असता. त्यांनी ते मन लावून केले, आणि १९८४ पर्यंत विक्री दरमहा दहा लाख डॉलरांच्या घरात नेली. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये कंपनीचे भाग लोकांस खुले झाले. शोधाइतकेच किंबहुना त्याहून अधिक श्रेय आम्ही ह्या दोन वर्षांना देतो.

विक्री करतानाच त्यांना एक अडचण आली व तिच्यातून एक प्रसिद्ध नियम निघाला. तीन संगणक जोडण्याचा लहान संच गिऱ्हाईक नमुन्यादाखल घेई, तो चालेही. पण उपयोग काय, असे गिऱ्हाइकाचे म्हणणे पडे. मेटकाफ ह्यांनी एक आकृती काढली. जोडणीचा खर्च संगणकांच्या संख्येच्या प्रमाणात वाढतो, परंतु आपसांत जुळू शकणाऱ्या जोड्यांची संख्या त्या संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. हिशेब करून पाहावा : तीन संगणकांत ३ जोड्या, दहांत ४५, तिसांत ४३५. म्हणून तुमचे जाळे निरुपयोगी नाही, ते लहान आहे. आणखी कार्डे घ्या! विक्रेत्याची ही युक्ती १९९३ साली जॉर्ज गिल्डर ह्या लेखकाने मेटकाफचा नियम म्हणून जगापुढे मांडली. २००६ साली काही गणितज्ञांनी आक्षेप घेतला की सर्व जोड्यांचे मोल सारखे नसते, म्हणून लाभ इतक्या झपाट्याने वाढत नाही. आम्हांस हा आक्षेप रास्त वाटतो. हजार व्यापाऱ्यांच्या बाजारातही एकेकाचा खरा व्यवहार पंचवीस-तीस पेढ्यांशीच असतो. परंतु तीन दुकानांचा बाजार भरत नाही, एवढे तर कोणीही कबूल करील.

ह्यानंतर गादीचा प्रश्न आला. १९८७ साली थ्रीकॉमने ब्रिज कम्युनिकेशन्स ही कंपनी आपल्यात सामावून घेतली. तिच्या संस्थापकांपैकी एक असलेले एरिक बेनामू त्यामुळे थ्रीकॉममध्ये आले. १९९० साली क्राउझ पायउतार झाले तेव्हा मुख्य अधिकारी कोणाला करावे हे ठरविण्याची वेळ आली. मेटकाफ ह्यांना ती जागा हवी होती. पेढी त्यांनी काढली होती, माल त्यांच्या शोधाचा होता, पहिली विक्री त्यांनी केली होती. संचालक मंडळाने बेनामू ह्यांना निवडले, आणि मेटकाफ कंपनी सोडून गेले. आपल्याकडे पेढी वडिलांकडून मुलाकडे जाते. संस्थापकाला दूर सारून बाहेरून आलेल्यास गादीवर बसवावे ही कल्पना आपल्यास कठोर वाटेल. तरी बेनामू ह्यांच्या कारकीर्दीत व्यापार अनेक पटींनी वाढला ही गोष्ट नाकारता येत नाही. मेटकाफ ह्यांनी कज्जा केला नाही अथवा त्याच मालाची दुसरी पेढी समोर थाटली नाही. दुसऱ्याचे भांडवल घेताना निर्णयाचा अधिकारही वाटला जातो. भागीदारीच्या करारावर सही करण्यापूर्वी ह्या प्रकरणाचे स्मरण ठेवावे, असे आम्ही सभासदांस सुचवितो.

पुढे ते संगणकविषयक साप्ताहिक इन्फोवर्ल्डमध्ये सदर लिहू लागले. ज्या १९९५ साली १५ ऑगस्टला आपल्या देशात इंटरनेट सर्वसामान्यांस खुले झाले, त्याच वर्षाच्या अखेरीस मेटकाफ ह्यांनी लिहिले की १९९६ मध्ये इंटरनेट कोलमडून पडेल. तसे न झाले तर आपले शब्द आपण गिळू. १९९६ साली काही मोठे बिघाड झाले खरे. अमेरिका ऑनलाइनची सेवा ऑगस्टात १९ तास बंद होती. परंतु कोलमडणे म्हणावे असे काही घडले नाही. एप्रिल १९९७ मध्ये भरलेल्या परिषदेत त्यांनी आपल्या सदराचे आकृतिचित्र असलेला केक पुढे केला. श्रोत्यांनी तो मान्य केला नाही. मग छापील लेखाचे तुकडे पाण्याबरोबर मिक्सरमध्ये घालून त्यांनी तो लगदा सर्वांसमक्ष खाल्ला. दिलेला शब्द असा अक्षरशः गिळणारा दुसरा व्यावसायिक आमच्या ऐकिवात नाही.

२००१ पासून नव्या कंपन्यांस भांडवल पुरविण्याचा व्यवसाय आणि २०११ पासून टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन शाखेत उद्योजकतेचे अध्यापन, असा पुढील क्रम आहे. थ्रीकॉमची गत मात्र निराळी झाली. खुल्या प्रमाणामुळे कार्ड कोणीही करू लागला, किंमत घसरत गेली, आणि अखेर ती जोडणी संगणकाच्या मुख्य पाटीवरच येऊ लागल्याने कार्डाचा धंदाच आटला. २००० साली कंपनीने मोठ्या गिऱ्हाइकांच्या यंत्रांचा व्यापार सोडला व त्यांचा विश्वासही गमावला. २०१० साली ह्यूलेट-पॅकार्डने तिला २ अब्ज ७० कोटी डॉलरांस विकत घेतले. ज्या खुलेपणाने दुकान उभे राहिले त्यानेच पुढे त्याच्या नफ्यास कात्री लावली, ही ह्या व्यवहाराची किंमत होय. तार मात्र टिकली. १९९५ साली तिचा वेग दसपट झाला, १९९८ साली पुन्हा दसपट, आणि तो अजून वाढतोच आहे. आता प्रत्येक संगणकास स्वतंत्र तार मिळत असल्याने ते ऐकणे-थांबणेही बहुतांशी उरलेले नाही. नाव आणि संदेशाची बांधणी तेवढी कायम आहे.

मार्च २०२३ मध्ये संगणकशास्त्रातील सर्वोच्च मानले जाणारे २०२२ सालचे ट्यूरिंग पारितोषिक मेटकाफ ह्यांना जाहीर झाले. रक्कम दहा लाख डॉलर. मानपत्रात ईथरनेटचा शोध, त्याचे प्रमाणीकरण आणि त्याचा व्यापार अशा तिन्ही गोष्टींचा उल्लेख आहे; विद्वानांच्या पारितोषिकात व्यापाराचे नाव असे उघडपणे यावे हे विरळाच. तारेला डाग देणारे डेव्हिड बॉग्ज फेब्रुवारी २०२२ मध्ये निवर्तले होते. मेटकाफ त्याच वर्षी, वयाच्या ७६ व्या वर्षी, एमआयटीत संशोधन-सहयोगी म्हणून परत गेले व भूगर्भातील उष्णतेपासून ऊर्जा मिळविण्याच्या प्रश्नात लक्ष घालू लागले.